सात नंबर हिरवा

ज्वारी दळताना चक्कीचा आवाज जड येतो, गहू दळताना जरा चिरका.

*

चिप बनवणाऱ्यांचं पत्र, एका पानाचं: आपण वापरत असलेली चिप यापुढे बनणार नाही. तिच्या जागी नवी सुचवत आहोत. आकार तोच, पिना तेवढ्याच. आत एकाऐवजी दोन कोअर.

*

मेश्रामांच्या स्कूटरची डिकी: पक्कड, रबरी हातमोजे, सुपारीची डबी, लोखंडी साखळी, मोबाइल.

*

अकरा ओळी. १९९७ साली लिहिलेल्या. शेवटच्या ओळीपुढे लिहिणाऱ्याची आद्याक्षरं: व. गो. ग.

*

माझी आई त्या वर्षी भेटेल त्याला सांगायची, पोरगी कॉम्प्युटरमध्ये आहे. कुठल्या कॉम्प्युटरमध्ये, असं एकाने विचारलं, तेव्हा तिने दोन दिवस विचार केला आणि मग मला विचारलं. मलाही सांगता आलं नाही.

*

एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागात माणसाची पापणी हलायला सुरुवातही होत नाही.

*

अकरा वाजून दोन मिनिटांनी सात नंबर हिरवा झाला, तेव्हा माझं बिस्किट चहात होतं. नंदनवार साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, फोन उचलला आणि लाइनमन उत्तम मेश्रामांना सांगितलं की सात नंबर बंद आहे, चढायला हरकत नाही.

खोली वीज कंपनीची, तालुक्याच्या गावातली. तीन खुर्च्या, दोन फोन, एक कूलर. दाराबाहेर पाटी होती, नियंत्रण कक्ष. पस्तीस किलोमीटरवरच्या सबस्टेशनमधून आठ लाइन आठ दिशांना गावोगाव जात होत्या. त्यांना फीडर म्हणतात. प्रत्येक फीडर चालू-बंद करायला तिथे एक ब्रेकर. ब्रेकर चालू असेल तर आमच्या पडद्यावर त्या फीडरचा दिवा लाल, बंद असेल तर हिरवा. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. लाल म्हणजे वीज आहे, हात लावू नका. हिरवा म्हणजे वीज नाही.

ही लाल-हिरवी बातमी सबस्टेशनमधून या खोलीत आणणारी पेटी आमची होती. हिंगण्याच्या एमआयडीसीत आमची बारा जणांची कंपनी. जुन्या पेटीतली चिप बनणंच थांबलं, म्हणून नवी पेटी केली, दोन कोअरची, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र कामं करणाऱ्या दोन मेंदूंची. एक कोअर ब्रेकरकडून माहिती घेणार, दुसरा ती नेटवर्कवरून पुढे पाठवणार. जुना प्रोग्राम नव्या चिपवर बसवायचं काम माझं. बहात्तर तासांची चाचणी मीच घेतली होती, अहवालावर सही माझी. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. साइटवरचा तो चौथा दिवस होता आणि याला आता चौदा वर्षं झाली.

त्याआधीची पद्धत अशी होती: सबस्टेशनच्या माणसाने ब्रेकर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आणि फोनवर सांगायचं. नंदनवारांनी तेच परत म्हणून दाखवायचं. मगच लाइनमनला चढायला सांगायचं. नव्या पेटीने हा फोन वाचणार होता. वरच्या साहेबांचा लेखी हुकूम होता की हा आठवडाभर पडद्यावर भरवसा ठेवून पाहावं. नंदनवार बावीस वर्षं त्या खुर्चीत बसत होते आणि त्यांना हे आवडलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की सबस्टेशनच्या माणसाला सकाळी जांभया येतात, तशा तुमच्या पेटीला येतात का. मी म्हटलं, नाही येत.

"मंग ठीक आहे," ते म्हणाले. "पण तो जांभई देते तेव्हा मले फोनवर समजते, मॅडम. हिचं कसं समजन?"

पडद्याशेजारी माझा लॅपटॉप होता. पडद्यावर नुसते रंग. माझ्याकडे मात्र पेटीने पाठवलेला प्रत्येक निरोप एका ओळीत उतरत होता: फीडरचा नंबर, स्थिती, ती स्थिती बदलल्याची वेळ. बिस्किट तुटून कपात पडलं. चमच्याने ते काढता काढता मी शेवटच्या दोन ओळी वाचल्या.

फीडर ६. बंद. ११:०२:१४.३१८
फीडर ७. बंद. ११:०२:१४.३१८

११:०३

वेळ शेवटच्या आकड्यापर्यंत एकच.

सबस्टेशनमध्ये माणूस एक होता. त्याला अकरा वाजता दोन कामं सांगितलेली: भारनियमनासाठी सहा नंबर बंद करायचा आणि मेश्रामांसाठी सात नंबर. तो एक ब्रेकर पाडणार, दोन पावलं चालणार, दुसरा पाडणार. दोन्ही एकाच सेकंदाच्या एकाच हजाराव्या भागात पडणार नाहीत. म्हणजे यातली एक ओळ घडलेलीच नव्हती.

पेटीत सहा आणि सात एकाच कप्प्यात जोडलेले होते. कप्प्यातला एक हलला की पेटी दोघांची स्थिती पाठवायची. एक कोअर मेमरीत आधी सहाची ओळ लिहिणार, मग त्याच जागी सातची. समजा, त्याने सातचा नुसता नंबर लिहिला आणि तेवढ्यात दुसऱ्या कोअरने ती ओळ उचलून पाठवून दिली, तर काय जाईल? नंबर सातचा. स्थिती आणि वेळ सहाची.

हे मला इतकं नीट, शब्दांत सुचलं नाही. मला फक्त हातातला चमचा गार लागला.

असं होऊ नये म्हणून प्रोग्राममध्ये कुलूप होतं. ओळ पूर्ण लिहून होईपर्यंत कुणी ती उचलायची नाही, अशी अकरा ओळींची तजवीज. ती गजबे सरांनी लिहिली होती, आमच्या कंपनीतल्या सगळ्यात जुन्या माणसाने. चौदा वर्षांत तिच्यात एक अक्षर बदलावं लागलं नव्हतं. मीही बदललं नव्हतं.

११:०४

मी लॅपटॉपचं घड्याळ तपासलं. ते बरोबर होतं.

११:०५

मी चौथ्या दिवसापर्यंतच्या सगळ्या ओळी वर सरकवत पाहिल्या. अशी दुसरी जोडी सापडली असती तर हे नेहमीचं काहीतरी असतं. सापडली नाही. नंदनवार साहेब सहा नंबरच्या गावाहून आलेला फोन घेत होते. वीज कधी येणार, असं कुणीतरी विचारत होतं आणि ते शांतपणे सांगत होते की अजून गेल्याला पाच मिनिटंही झाली नाहीत.

११:०६

पेटी दर पंधरा मिनिटांनी सगळ्या फीडरची स्थिती नव्याने पाठवायची. पुढची फेरी सव्वा अकराला. तोवर सबस्टेशनच्या माणसाने सात नंबर खरंच बंद केलेला असेल. किंवा केला नसेल तर पडदा आपोआप लाल होईल. दोन्ही बाबतींत कुणाला काही सांगावं लागणार नाही. मी नऊ मिनिटं गप्प बसले की झालं. आणि माझी शंका खोटी ठरली, तर चौथ्या दिवशी आपल्याच पेटीवर संशय घेणारी बाई म्हणून मी या खोलीत परत येऊ शकणार नव्हते. एकशे चाळीस पेट्यांची मागणी या एका आठवड्यावर होती.

मेश्राम खांबावर चढायला किती वेळ घेतात, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं तर कारण सांगावं लागलं असतं.

११:०७

"साहेब, मेश्रामांना थांबवा."

नंदनवारांनी मान वळवली. "काहून?"

"सात नंबर चालू असू शकतो."

"पडदा हिरवा आहे ना."

"पडद्याचं ऐकू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले, पण त्यांचा हात फोनवर गेलेला होता. "पेटी तुमचीच ना, मॅडम?" नंबर फिरवता फिरवता त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

मेश्रामांचा मोबाइल पूर्ण वाजून थांबला. परत लावला, परत वाजून थांबला. मोबाइल स्कूटरच्या डिकीत आहे, हे नंदनवारांनी मला न विचारता सांगितलं. खांबावर चढताना तो खिशातून पडतो म्हणून मेश्राम तो तिथेच ठेवत. सबस्टेशनचा फोन लागेना. दुसऱ्या फोनवरून मी लावला, तोही व्यस्त. सात नंबर बंद करायची सोय त्या खोलीत नव्हती. आमची पेटी फक्त सांगणारी होती, करणारी नव्हती.

भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली, एक पिवळा पडलेला पुठ्ठा होता. मोबाइल नव्हते त्या काळात प्रत्येक फीडरवरच्या एकेका दुकानाचा नंबर तिथे लिहून ठेवायची पद्धत होती. निरोप द्यायचा असला की त्या दुकानाला फोन, आणि दुकानवाला माणूस पाठवणार. एक नंबरवर किराणा, तीन नंबरवर शाळेचं ऑफिस. सातपुढे लिहिलं होतं: भोजराज, चक्की. नंदनवारांनी पुठ्ठ्याकडे न बघताच तो नंबर फिरवला.

फोन उचलला गेला. पलीकडून माणसाच्या आधी एक आवाज आला, सलग आणि जड. नंदनवारांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला, तेव्हा तो मलाही ऐकू आला.

"भोजराज, मी नंदनवार बोलतो. मेश्राम कुठं आहेत?"

"ऐकू नाही येऊन राहिलं, साहेब. चक्की चालू आहे."

नंदनवारांचा दुसरा हात रजिस्टरवर होता, तो त्यांनी उचलून मांडीवर ठेवला.

"कशावर चालू आहे?" त्यांनी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारलं. "डिझेलवर का?"

"डिझेल कुठचं, साहेब. लाइनवर."

चक्की सात नंबरवर होती. मेश्राम ज्या खांबावर चढत होते, तोही सात नंबरचाच, गावाबाहेर नाल्यापलीकडे. चक्कीचा आवाज तिथवर जात नाही.

नंदनवारांनी त्याला दोनच वाक्यं सांगितली. नाल्यापलीकडे जा. खांबावरच्या माणसाला खाली उतरव, लाइन चालू आहे म्हणून सांग. भोजराजने रिसीव्हर तसाच ठेवला, जागेवर ठेवायला तो थांबला नाही. त्याने चक्की बंद केली असावी, कारण आवाज हळूहळू खाली आला आणि मग बायकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. एक जण म्हणत होती की माझा डबा अर्धाच झाला. दुसरी म्हणाली, थांब ना बाई, काहीतरी झालं दिसते. मग मोटारसायकल सुरू करायचा आवाज. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लागली.

११:१०

नंदनवार एका कानाने तो उघडा फोन धरून बसले होते आणि मी दुसऱ्यावरून सबस्टेशन लावत होते. व्यस्त. व्यस्त. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी एकदाच विचारलं, तुम्हाला हे कधी समजलं. मी म्हटलं, आत्ता.

११:१२

उघड्या फोनवर आता नुसता पंख्याचा आवाज होता.

११:१४

दुसरा फोन माझ्या हातात वाजला. मेश्राम होते. मी तो नंदनवारांकडे दिला.

सबस्टेशनचा माणूस सहा नंबर पाडून फोनवर अडकला होता, हे आम्हाला नंतर कळलं. खांबाजवळ काय झालं तेही. मेश्रामांचा कमरेचा पट्टा खांबाला बांधून झाला होता. तार दोन हातांवर होती. भोजराज बांधावरून ओरडत आला, तेव्हा त्यांनी आधी हाताने त्याला गप्प बसायची खूण केली. मग शिव्या घालतच ते खाली उतरले. बावीस वर्षांत नंदनवारांनी बंद म्हटलेली लाइन कधी चालू निघाली नव्हती, आणि इथे चक्कीवाला त्यांना लाइन शिकवत होता. त्याला दाखवायलाच म्हणून त्यांनी डिकीतून साखळी काढली. लाइनमन चढण्याआधी तारेवर साखळी फेकतात. वीज असेल तर ठिणगी पडते आणि ब्रेकर पडतो. त्या आठवड्यात पडद्याचा हुकूम होता, म्हणून त्या दिवशी साखळी डिकीतच राहिली होती. त्यांनी भोजराजला म्हटलं, बघ, काही होत नाही. आणि फेकली.

फोनवर त्यांचा आवाज इतका हळू होता की नंदनवारांनी दुसरा कान बोटाने बंद केला.

"साहेब," मेश्राम म्हणाले. "सात नंबर आता बंद झाला."

"खाली बस, उत्तम. पाणी पी."

"बसलोच आहो."

मी पडद्याकडे पाहिलं. सात नंबर हिरवा होता. मघाशीही हिरवा होता. पडद्यावर काहीच बदललं नव्हतं. सव्वा अकराची फेरी आली आणि गेली. तेव्हाही नाही.

*

दुसऱ्या दिवशी गजबे सरांनी त्या दोन ओळी उभ्याउभ्याच वाचल्या. ते छप्पन्न वर्षांचे होते, खिशात नेहमी दोन पेन्सिली. त्यांनी प्रोग्रामचा कागद मागितला आणि स्वतःच्या अकरा ओळींवर पेन्सिल फिरवली. मग म्हणाले, चाचणीचं बोर्ड लाव, इथेच करून पाहू.

ज्या बोर्डावर मी बहात्तर तासांची चाचणी घेतली होती, तेच मी टेबलावर ठेवून चालू केलं. सुरू होताना पडद्यावर माहितीच्या ओळी झरझर वर जातात. त्या कुणी वाचत नाही. गजबे सरांनी बटण दाबून त्या थांबवल्या आणि एका ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

चालू कोअर: १.

सुरुवातीच्या आठवड्यात मी दुसरा कोअर बंद करून ठेवला होता. प्रोग्राम पायरीपायरीने तपासायचं आमच्याकडचं साधन एकाच कोअरच्या मागे चालू शकायचं, दोन कोअर चालू असले की गोंधळायचं. काम झाल्यावर तो परत चालू करायचा होता. चाचणीचे बहात्तर तास ते बोर्ड एकाच कोअरवर चाललं. त्या स्थितीत त्याला चुकता आलंच नसतं. साइटवर गेलेल्या पेटीत मात्र प्रोग्राम नव्याने भरला होता, त्यात दोन्ही चालू होते.

गजबे सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"दुसरा चालू कर," ते म्हणाले.

मी केला. सहाव्या मिनिटाला पहिली खोटी ओळ आली. नंबर एकाचा, स्थिती दुसऱ्याची.

*

वीज कंपनीच्या बैठकीत नऊ जण होते. वरच्या साहेबांनी विचारलं की चौदा वर्षं जे चाललं ते आत्ताच का बिघडलं. गजबे सरांनी त्यांना सोपं करून सांगितलं. जुन्या चिपमध्ये एकच माणूस होता म्हणा. तो स्वतःलाच बजावायचा की ही ओळ पूर्ण होईपर्यंत मी मान वर करणार नाही, आणि तेवढं पुरायचं. नव्या चिपमध्ये माणसं दोन आहेत. पहिल्याने स्वतःला कितीही बजावलं तरी दुसऱ्याचा हात थांबत नाही. दुसऱ्यालाही अडवेल असं कुलूप हवं होतं.

"मी घातलेलं कुलूप एका माणसाचं होतं," ते म्हणाले. "त्या ओळी माझ्या आहेत. खाली माझी सही आहे."

"पण मग तुमच्या बहात्तर तासांच्या चाचणीत हे कसं नाही सापडलं?"

मी टेबलाच्या कडेला बसले होते. गजबे सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, अर्धा प्यायले, खाली ठेवला.

"असे दोष चाचणीत सापडतीलच असं नसतं," ते म्हणाले.

हे खरंच आहे. कुठल्याही पुस्तकात सापडेल.

मग नंदनवार बोलले. ते म्हणाले की चूक पेटीची असेल, पण ती ओळखली मॅडमनी, आणि वेळेवर ओळखली. नऊच्या नऊ जणांनी माझ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांनी कंपनीच्या पत्त्यावर एक पत्र आलं, त्यात 'प्रसंगावधान' असा शब्द होता. आमच्या मालकांनी ते फ्रेम करून दारासमोर लावलं. गजबे सरांकडचं डिझाइनचं काम मार्चपासून माझ्याकडे आलं, ते दुरुस्ती विभागात गेले. मी कुलूप नव्याने लिहिलं. एकशे चाळीस पेट्या गेल्या. त्यातली एकही अजून खोटं बोललेली नाही.

मेश्रामांनी त्या हिवाळ्यात तुरीच्या शेंगांची पिशवी पाठवली. निवृत्त झाले तरी दरवर्षी पाठवतात.

गजबे सरांच्या निरोपसमारंभाच्या दिवशी मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं आणि त्या बोर्डाचा विषय काढला. ते स्कूटरला किक मारत होते, थांबले.

"त्या अकरा ओळी चूक होत्या का नव्हत्या?"

"होत्या, सर."

"मंग झालं," ते म्हणाले आणि परत किक मारली.

ती पहिली पेटी साइटवर रवाना झाली त्याच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत नळावर डबे धुताना, गजबे सरांनी मला विचारलं होतं की चाचणी दोन्ही कोअर चालू ठेवूनच घेतली ना. मी हो म्हटलं होतं.